रोव्हर्स चषकाचे पाच हंगाम आणि हैदराबादची शाळकरी मैदाने (१९५०–१९५४)

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड मागे पडले की काही स्थानकांनंतर दुधनी येते. तूर, हरभरा, ज्वारी यांची पेठ म्हणून हे गाव परिसरात ओळखीचे आहे. पेठेत मराठी व कानडी या दोन्ही भाषा चालतात, आणि बोलणाऱ्याला एकीतून दुसरीत जाताना थांबावे लागत नाही. दुधनीपलीकडे गाणगापूर रोड. दत्तभक्तांना ते स्थानक श्रीक्षेत्र गाणगापूरचे म्हणून माहीत असते; इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते निजामाच्या मुलखाचे स्थानक म्हणूनही ठाऊक असावयास हवे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासकडील मार्गाला मिळाली, आणि १८७४ मध्ये वाडीपासून हैदराबादपर्यंत निजामाचा फाटा सुरू झाला. तेव्हापासून हैदराबादहून मुंबईस जाण्याचा सरळ ब्रॉडगेज मार्ग दुधनीवरूनच गेला आहे.

या मार्गाने सैन्य गेले, धान्य गेले, यात्रेकरू गेले. १९५० ते १९५४ या पाच वर्षांत मुंबईच्या रोव्हर्स चषकावर सलग पाच वेळा ज्या संघाने आपले नाव कोरले, त्या हैदराबाद सिटी पोलीस संघाचा मुंबईस येण्याचा मार्गही हाच. प्रस्तुत लेखाचा विषय हे पाच हंगाम आहेत. तथापि त्यांतील गोलांची जंत्री देण्याचा येथे हेतू नाही. एखाद्या संघाचा हंगाम खरोखर कोठे घडतो, चषकाच्या मैदानावर की त्याहून पुष्कळ आधी आणि पुष्कळ दूर, हा प्रश्न या उदाहरणावरून तपासून पाहावयाचा आहे.

प्रथम काळाचे भान ठेवले पाहिजे. २२ मे १९४८ रोजी मद्रासहून मुंबईकडे येणाऱ्या मेलगाडीवर गाणगापूर स्थानकात रझाकारांनी हल्ला केला. प्रवासी मारले गेले, जखमी झाले. या घटनेने दिल्लीतील वातावरण तापले आणि सरहद्दीवरील गावांत तर कोणाला शांत झोप उरली नाही. हैदराबाद संस्थानातून परागंदा झालेल्या कार्यकर्त्यांचे सोलापूर हे त्या काळी मोठे आश्रयस्थान होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या हाती आला, आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील माणसाच्या मनात ‘हैदराबादचा पोलीस’ या शब्दांनी त्या वेळी कोणते चित्र उभे राहत असेल, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच नावाचा संघ मुंबईत रोव्हर्स जिंकतो. त्याच वर्षाच्या ड्युरँड स्पर्धेत मोहन बागानला हरवून अजिंक्यपदही मिळवितो. राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना एका पानावर येत नाहीत. त्या एका पानावर आणल्यावाचून हैदराबादच्या विलीनीकरणाचा सामाजिक इतिहास पुरा होणार नाही, असे मला वाटते.

रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. पहिला चषक वुस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने जिंकला, आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ तो गोऱ्या पलटणींच्याच ताब्यात राहिला. १९२३ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागानला आमंत्रण मिळाले. त्या संघाने अंतिम फेरी गाठली, परंतु डरॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याचा ४–१ असा पराभव केला. भारतीय संघाच्या हाती चषक प्रथम आला तो १९३७ मध्ये, आणि तोही मुंबईच्या नव्हे, तर बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. मुंबईच्या सुशिक्षित तरुणांचे मन या काळात क्रिकेटमध्ये गुंतले होते. जिमखाने जातीजमातींचे होते, १९१२ पासून चौरंगी सामने होते, आणि थंडीचे महिने सर्वस्वी क्रिकेटचे होते. फुटबॉलच्या वाट्याला पावसाळा आला. चिखलात खेळावयाचा हा खेळ शिपायांचा, गिरणीकामगारांचा, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती तरुणांचा. महाविद्यालयांनी त्याला अगदीच टाकले नव्हते, परंतु प्रतिष्ठा दिली नाही, हे म्हणावयास हरकत नाही.

वस्तुतः फुटबॉल हा जन्मतः विद्यार्थ्यांचा खेळ. निरनिराळ्या शाळांतून निरनिराळ्या नियमांनी खेळून आलेली मुले केंब्रिज विद्यापीठात एकत्र आली, कोणाचेच नियम कोणास मान्य होईनात, आणि त्या वादातून १८४८ चे केंब्रिज नियम निघाले. १८६३ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनने ज्या आधारावर आपले नियम रचले, त्यांत हे केंब्रिजचे काम होते. बंगालमध्ये हा खेळ भारतीयांत आणण्याचे श्रेय ज्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारींना दिले जाते, त्यांनी १८७७ च्या सुमारास चेंडूला पाय लावला तो हेअर स्कूलचे विद्यार्थी म्हणून. अमेरिकेत तर ‘फुटबॉल’ या नावाने चालणारा निराळाच खेळ महाविद्यालयांच्या हाती इतका गेला की, १९०५ च्या हंगामात त्या खेळातील मृत्यूंची संख्या दीड डझनाच्या घरात पोहोचली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस भेटीस बोलवावे लागले आणि पुढील वर्षी नियम बदलावे लागले. महाविद्यालयाचा एक हंगाम खेळाचे स्वरूपच पालटू शकतो, याचे हे टोकाचे उदाहरण. हैदराबादचे उदाहरण त्याच जातीचे आहे; मात्र तेथील बदल सौम्य होता, आणि तो घडविणारा मनुष्य राष्ट्राध्यक्ष नसून शाळामास्तर होता.

मुसी नदीच्या काठी, व्हिन्सेंट एश या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेल्या भव्य इमारतीत सिटी हायस्कूल भरत असे; तेच पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली सिटी कॉलेज झाले. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया हे उर्दूच्या माध्यमातून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण शक्य आहे की नाही, हा वाद आपल्याकडे अजून रंगतच होता, तेव्हा तेथे रसायन व गणित उर्दूतून शिकविले जात होते. (त्या भाषाधोरणाने संस्थानातील मराठी, तेलुगू व कानडी मुलांची जी कुचंबणा केली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ चळवळीत वसतिगृहातून काढलेले विद्यार्थी नागपूरला का गेले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.) या विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून सय्यद अब्दुल रहीम हा तरुण पुढे आला. त्याचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचाच. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा एक संघ चालविला होता, त्यातही तो खेळे. पदवी घेतल्यावर त्याने शिक्षकी पत्करली. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्याने शिकविले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि १९४३ च्या सुमारास हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचा चिटणीस झाला. तो मृत्यूपर्यंत त्या जागेवर होता. त्याला सारे ‘रहीमसाहेब’ म्हणत. पुढे तो भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला, तरी त्याच्या कामाची तऱ्हा वर्गातल्या शिक्षकाचीच राहिली.

चिटणीस म्हणून रहीमसाहेबांनी शाळकरी मुलांसाठी ज्या स्पर्धा भरविल्या, त्यांकडे फुटबॉलचे इतिहासकार कौतुकाने पाहतात, परंतु त्यांतील शिक्षणशास्त्र पुरेसे उलगडून दाखवीत नाहीत. एक स्पर्धा अशी होती की, तीत चेंडू पायाशी खेळवीत पुढे नेण्यास बंदी होती. दुसरीत प्रत्येक खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा. वरवर पाहता या गमती वाटतात. पण मैदानावरील मुलाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. चेंडू पुढे नेता येत नाही. आला की दिलाच पाहिजे. मग तो येण्याच्या आधीच कोणाला द्यावयाचा, हे ठरविणे भाग पडते. त्यासाठी मान वर हवी, सोबत्यांच्या जागा डोळ्यांत हव्यात. सोबत्यालाही उभे राहून चालत नाही. देणाऱ्याला दिसेल अशा मोकळ्या जागी धावावे लागते. अर्थात ज्याला चेंडू मिळालेला नाही, त्यालाही सतत काम लागते. शिक्षक जे शंभर वेळा ओरडून शिकवू शकला नसता, ते एका नियमाने त्याने करून घेतले. दुबळ्या पायाच्या स्पर्धेचा न्यायही हाच. उजव्या पायाचा तरबेज मुलगा त्या दिवशी इतरांच्या बरोबरीला येतो, त्याचा तोरा उतरतो, आणि हंगामाच्या शेवटी त्याला दोन पाय लाभलेले असतात. अंगाने थोराड नसलेल्या मुलालाही या पद्धतीत जागा होती. भारतीय खेळाडू गोऱ्या शिपायाला धक्क्याने हरवू शकणार नव्हता. चेंडू त्याच्यापासून दूर ठेवूनच तो जिंकू शकत होता.

पोलीस संघाच्या त्या पाच विजयांचा उगम मी या मैदानांत शोधतो. त्याचे दुसरे स्पष्टीकरण प्रचलित आहे व ते अगदी टाकाऊ नाही: पोलीस खात्याने चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, शिस्त दिली, कवायतीने अंग कमावले, म्हणून संघ अजिंक्य झाला. नोकरी ही मोठी गोष्ट होती, यात वाद नाही. गरीब घरच्या मुलाला खेळण्यासाठी पोट भरण्याची हमी लागते, आणि संस्थान गेल्यावर तर हैदराबादेत नोकऱ्यांची अनिश्चिती होतीच. परंतु पोलीस खाती मुंबईत होती, मद्रासेत होती. कवायत सर्वत्र तीच. त्या खात्यांनी असा संघ घडविल्याचे दिसत नाही. फरक होता तो खात्याकडे येणाऱ्या मुलांत. ही मुले संघात दाखल होण्याच्या आधीच एकाच शाळेची, म्हणजे एकाच पद्धतीची होती. नूर महंमद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन यांच्यासारखे खेळाडू पोलीस संघात आणि भारताच्या संघातही एकमेकांना न पाहता चेंडू देऊ शकत, ते नवल नव्हते. तो अभ्यास होता.

पाच हंगामांच्या मध्यावर १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक येते, आणि ते या पद्धतीची मर्यादाही दाखविते. आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई सामन्यांत रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले होते; गोल साहू मेवालाल यांचा. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने त्याच भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. थंडीत, ओल्या मैदानावर, आपले कित्येक खेळाडू अनवाणी होते. शिवाय आपल्याकडील सामने त्या काळी सत्तर मिनिटांचे असत आणि तेथे नव्वद मिनिटे खेळावयाचे. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी मात्र बुटांपलीकडचा एक धडा घेतला. त्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या हंगेरीचा मधला आघाडीवीर पुढे न थांबता मागे सरके, त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्याचा रक्षक ओढला जाई आणि मोकळ्या झालेल्या जागेत इतर घुसत. ही क्लृप्ती त्यांनी पुढे भारतीय संघात आणली. येथे पुन्हा मूळ तत्त्व तेच आहे: ज्याच्याजवळ चेंडू नाही, त्याने काय करावयाचे. बंदीच्या नियमांनी मुलांना जे शिकविले होते, त्याचेच प्रौढ रूप त्यांना हंगेरीच्या खेळात दिसले असावे.

१९५५ मध्ये मोहन बागानने रोव्हर्स चषक प्रथमच जिंकला आणि सलग विजयांची मालिका तुटली. परंतु पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे नमवून उपांत्य फेरी गाठली, तेव्हा संघात तुळशीदास बलराम, झुल्फिकारुद्दीन, पीटर थंगराज ही हैदराबाद व सिकंदराबादशी नाते असलेली नावे होती. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. पदक हुकले, चौथा क्रमांक आला. सुवर्णपदक पुन्हा मिळाले ते १९६२ मध्ये, जकार्तास, दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. ११ जून १९६३ रोजी ते वारले.

आता दुधनीकडे परत यावयास हवे, कारण लेखाच्या आरंभी जो लोहमार्ग आणला तो केवळ सजावटीसाठी नव्हता. खेळांच्या प्रसाराविषयी एक सोपी समजूत रूढ आहे: जेथे रेल्वे गेली, छावणी पडली, गिरणी उभी राहिली, तेथे फुटबॉल गेला. काही ठिकाणी ती खरीही आहे. तथापि हैदराबाद-मुंबई मार्गावर ती तपासली तर फारशी टिकत नाही. या मार्गाने भारतातील त्या काळचा सर्वोत्तम संघ वर्षानुवर्षे ये-जा करी. पण दुधनी, अक्कलकोट वा गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) ही नावे त्या खेळाच्या इतिहासात मोठी झाली नाहीत. हैदराबादहून दुसरा, त्या काळी मीटरगेजचा असलेला मार्ग परभणी, जालना, औरंगाबाद या मराठवाड्यातील गावांवरून मनमाडला जातो. तेथे तर राज्य एकच होते, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत विद्यापीठही एकच, उस्मानिया. तरीही फुटबॉल राजधानीचाच राहिला. संघाच्या नावातील ‘सिटी’ हा शब्द अगदी अन्वर्थक म्हणावा लागतो. कारण रहीमसाहेबांच्या स्पर्धा शहरातील शाळांच्या होत्या. जिल्ह्याच्या गावी असा चिटणीस नव्हता, असे मैदान नव्हते, आणि दरवर्षी न चुकता येणारा असा हंगामही नव्हता. आगगाडी संघाला नेते. हंगाम तिच्यात बसून जात नाही.

याच्या उलट कोल्हापूर पाहावे. खासबागेचे मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधले ते कुस्तीसाठी. पेठापेठांतून तालमी होत्या. त्याच तालमींनी पुढे फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही आज फुटबॉल संघांची नावे आहेत, पण त्यांतील बहुतेक नावांत लाल मातीचा वास अजून आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० ची. तेथे फुटबॉल पावसाळ्याचा नाही. पाऊस संपल्यावर हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि सामन्याच्या दिवशी पेठेतील म्हातारीलाही कोण कोणाशी खेळतो हे ठाऊक असते. कोल्हापूर मुख्य लोहमार्गावर नाही. मिरजेहून निघालेल्या फाट्याचे ते अखेरचे स्थानक. गाडी पुढे जात नाही, तेथे खेळ मुरला. आणि जेथून तो रोज पुढे जात होता, तेथे थांबला नाही. हैदराबादेत जे काम शाळेने केले, ते कोल्हापुरात तालमीने केले. दोन्हींत समान आहे ती एक गोष्ट: मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना त्याला सामावून घेणारी, दरसाल त्याच महिन्यांत त्याला मैदानावर बोलावणारी संस्था. या दृष्टीने आपल्या महाविद्यालयीन खेळांचा इतिहास तपासला तर काय हाती लागेल, याविषयी मला फारशी आशा वाटत नाही. आमची महाविद्यालये अठराव्या वर्षी आलेल्या मुलांतून संघ निवडतात आणि त्या निवडीलाच हंगाम म्हणतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, गुलबर्गा म्हैसूरला मिळाला, तेलंगण आंध्रला जोडले गेले. दुधनी होती तेथेच, सोलापूर जिल्ह्यात राहिली. मात्र गाणगापूर रोडच्या अलीकडची जी रेषा १९४८ पूर्वी संस्थानाची होती, ती आता दोन भाषिक राज्यांची झाली. पोलीस संघानेही पुढे नाव बदलले. १९६० चा रोव्हर्स चषक जिंकणारा संघ आंध्र प्रदेश पोलीस म्हणून नोंदला गेला आहे. पण त्यातील खेळाडू ज्या शाळांच्या मैदानांवर दुबळ्या पायाने चेंडू मारावयास शिकले होते, त्या शाळा मुसीच्या काठच्या त्या जुन्या शहरातच होत्या, आणि मुंबईस येताना त्यांची गाडी पूर्वीप्रमाणेच वाडीस मुख्य मार्गाला लागून दुधनीवरून पुढे जात होती.